मंगळवारी हमाम बंद

(दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यावरचं तोंगयॉंग बंदर. मंगळवारची दुपार. बायकांच्या हमामातले हौद रिकामे आहेत. मूळची योकजी बेटावरची मालकीण पिलनाम आणि शाळेच्या कचेरीत काम करणारी मीरान, दोघी फरशीवर बसून प्लास्टिकची स्टुलं घासताहेत.)

पिलनाम : विसावा केंद्र! नाव तर असं काढलंस, जणू गावातल्या सगळ्या बायका पेन्शनीत निघाल्यात. ते स्टूल उलटं कर. मळ बुडाला असतो, माणसासारखाच. हं, बोल आता. दर मंगळवारी हमाम हवा. फुकट.

मीरान : फुकट नाही, मावशी. पाणी तापवायचा खर्च आम्ही उचलू. बाकी काम सगळं स्वयंसेवकांचं. एक निवृत्त नर्स आहे, ती ऑपरेशननंतर सुजलेला हात कसा चोळायचा ते शिकवेल. एक पार्लरवाली आहे, ती केसांचे टोप बसवून देईल. सूप करायला दोघी आहेत.

पिलनाम : आणि तू?

मीरान : मी संयोजक.

पिलनाम : म्हणजे स्टूल न घासणारी.

मीरान : घासतेय की!

पिलनाम : ते काम काढून घ्यायचंय म्हणून. असू दे, बरी घासतेस. आणि मघाशी काय म्हणालीस, ‘लाभार्थी कुटुंबं’? शाळेचा कागद वाचल्यासारखं नको सांगूस. कोण कोण येणार?

मीरान : छातीचा कॅन्सर झालेल्या बायका. आमच्या फोनवरच्या गटात अकरा घरं आहेत. चिंजू शहरातल्या दवाखान्याच्या बसमध्ये ओळखी झाल्या. बायका, त्यांच्या लेकी, बहिणी, सासवा. आणि नवरे.

पिलनाम : नवरे कशाला?

मीरान : त्यांचीच तर जास्त पंचाईत आहे, मावशी. बायकोला दवाखान्यात सोडतात आणि गाडीत बसून राहतात. आत येत नाहीत. घरी आल्यावर विचारतात, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ आणि उत्तर यायच्या आत टीव्ही लावतात. त्यांना पुरुषांच्या बाजूला एकत्र बसवायचं, बोलतं करायचं.

पिलनाम : बसवून नाही बोलायचे. भिजत घाल. आपल्याकडचा पुरुष तासभर गरम पाण्यात राहिला की मऊ पडतो, मग काय ते बोलतो. माझा नवरा लग्नाबद्दल एकदाच चांगलं बोलला, तेही गळ्यापर्यंत पाण्यात असताना. पण मला सांग, तुला तर वाचनालयाच्या वरची खोली मिळाली होती ना? मीच येऊन उद्घाटनाचा तांदळाचा केक खाऊन गेले.

मीरान : खोली होती. फुलांची चक्रं आली, फीत कापली, फोटो निघाले. दाराशी मोठी पाटी लावली, ‘स्तनकर्करोगग्रस्त कुटुंबांसाठी’. महिनाभर मी रोज संध्याकाळी चहा करून बसले.

पिलनाम : आलं कोण?

मीरान : विमा विकणारा.

पिलनाम : त्याला बरोबर वास लागतो.

मीरान : एकजण रोज जिन्याखाली यायची, पाटी वाचायची आणि वाचनालयात शिरायची. तिनं चार स्वयंपाकाची पुस्तकं वाचून काढली, पण वर नाही आली. समोर मासळीबाजार ना. तो जिना चढणं म्हणजे भोंग्यावरून सांगणं. मग एकदा बसमध्ये एक म्हणाली, ‘मला बाकी काही नको. ऑपरेशन झाल्यापासून माझी पाठ कोणी घासलेली नाही. नवऱ्याला सांगितलं, तर तो करपलेलं पातेलं घासल्यासारखी घासतो.’ सगळ्या हसल्या. पण अकरांतल्या एकीनंही ऑपरेशननंतर हमामात पाऊल टाकलेलं नाही, मावशी.

पिलनाम : अकरांत तू धरलीस का?

मीरान : ...मी माझ्यासाठी मागत नाहीये.

पिलनाम : तेच म्हणते मी. हॉटेलवाली स्वतः घरून डबा आणते, तसं चाललंय तुझं. लग्न होऊन आलीस तेव्हापासून दर रविवारी यायचीस. तुझी लेक हारिन एवढीशी होती, तिला त्या नळाखाली धरून घासायचीस आणि ती डुकराच्या पिल्लासारखी ओरडायची. तीन वर्षं झाली, ना तू ना ती. अगं, इथे बसून बसून मला एकच विद्या आलीय. कपडे उतरवल्यावर कोण काय झाकतं ते बघायचं. कोणी पोट झाकते, कोणी शिवण झाकते, कोणी सोन्याची साखळी झाकते. आणि बायका टॉवेल झाकून घरी नेतात. पुरुषांच्या बाजूला टॉवेलांची चळत उघडी ठेवते, एक जात नाही. बायकांना दोनच मोजून देते, तरी कमी भरतात.

मीरान : आमच्या बायका टॉवेल घरून आणतील.

पिलनाम : मग तर याव्यातच. पण मंगळवार चालणार नाही.

मीरान : का? मंगळवारी तुम्ही बंदच असता!

पिलनाम : म्हणूनच. मंगळवारी हमाम बंद, हे बाजारातल्या मांजरालाही ठाऊक आहे. मग मंगळवारी हातात अंघोळीची टोपली घेऊन जी बाई या दारात शिरेल, ती कशाला शिरली? तो वाचनालयाचा जिनाच तू उचलून आणणार आणि माझ्या दाराला लावणार.

मीरान : ...हा विचारच केला नाही मी.

पिलनाम : शिकलेल्या माणसांना बंद दार सोयीचं वाटतं. लपायचं असेल तर उघड्या दारानं जावं. बुधवारी यायचं. सगळ्यांच्यात. दहा टोपल्यांत अकरावी टोपली, कोण विचारतंय?

मीरान : पण बुधवारी बाकीच्या बायका असतील.

पिलनाम : असतीलच. हमाम आहे.

मीरान : बघतील.

पिलनाम : बघतील. एकदा, फार तर दोनदा. मग ज्याच्या त्याच्या टाचा असतात घासायला. त्यात भीती तुला आहे तशी मलाही आहे. महिन्याचा पास काढणाऱ्या आठजणी आहेत माझ्या. घरोघरी न्हाणीघरं झाली, आता या आठजणींच्या पासावर माझा बॉयलर पेटतो. त्यांतली एक जरी म्हणाली, ‘पाण्यातून लागतं का गं ते?’, तर आठहीजणी टोपल्या उचलून पलीकडच्या नव्या सॉनात जातील.

मीरान : पाण्यातून लागत नाही!

पिलनाम : मला काय सांगतेस? त्यांना सांग. किंवा त्या आठजणींना नको, त्यांच्या डोक्यावरच्या नववीलाच सांग. गरम हौदाच्या कडेला बसून बाकीच्यांना ‘आधी अंग धू, मग उतर’ म्हणून झापते, तिला. ती हो म्हणाली की आठहीजणींची मान हलली.

मीरान : कोण ती?

पिलनाम : कोण म्हणून विचारतेस? रोज तुझ्याच हातचं सूप पिऊन येते इथे.

मीरान : आई.

पिलनाम : तुझी सासूच.

मीरान : मग संपलं. आई नाही म्हणणार. त्यांनी इथे माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलंय.

पिलनाम : मला सांगतेस? त्या दिवशी हौदात मीही होते.

सुनदोक : (मीरानची सासू, दारातून) योकजीकरणी! ए योकजीकरणी! दार का लोटलंय? माझी सून आहे का आत?

पिलनाम : या ताई, या. पायाखाली बघा, साबण आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?

सुनदोक : ती कालवंवाली. ‘तुमची सून फाइल घेऊन हमामात शिरली, आज तर मंगळवार ना?’ वर हसली मेली.

पिलनाम : बघ, हारिनची आई. अजून दुसरं स्टूलही धुऊन झालं नाही.

मीरान : आई, बसा ना. मी तुम्हाला सांगणारच होते.

सुनदोक : बाजाराला सांगून झाल्यावर? वाचनालयाची पाटी लागली तेव्हा मी बोलले का? नाही बोलले. म्हटलं, कचेरीतली बाई आहे, परोपकार करते, करू दे. कोणी आलं नाही ते बरंच झालं. आता इथे? माझ्या हमामात? माझ्या मैत्रिणींच्यात?

पिलनाम : हमाम तसा माझा आहे, ताई.

सुनदोक : तू गप्प बस. अगं हारिनची आई, पुढच्या महिन्यात हारिनचं लग्न पक्कं करायला दोन्ही घरांचं जेवण ठरलंय. त्या पोराचे आईबाप पुसानहून येणार. माणसं चार ठिकाणी चौकशी करतात. ‘आईला ते दुखणं होतं, मग लेकीलाही होईल’, एवढंच कोणीतरी म्हणायचा अवकाश! तुझं दुखणं झालं, तुझं तू निभावलंस. पोरीच्या कपाळी कशाला पाटी लावतेस?

मीरान : हारिननं त्याला सांगितलंय, आई.

सुनदोक : कोणाला?

मीरान : मुलाला. ओळख झाली त्याच महिन्यात. त्यानं त्याच्या आईला आत्ता सांगितलं.

सुनदोक : मग? ती काय म्हणाली?

मीरान : अजून काही म्हणाल्या नाहीत.

सुनदोक : बघ! बघितलंस!

मीरान : हो. मोडेलही कदाचित. मला रात्र रात्र झोप लागत नाही, आई, तुम्हाला काय वाटतं? पण हारिन म्हणते, मोडायचंच असेल तर जेवणाच्या आधी मोडू दे.

पिलनाम : शहाणी आहे पोरगी. तेवढंच हॉटेलचं बिल वाचेल.

सुनदोक : योकजीकरणी, तुला हसू येतंय!

पिलनाम : हसू नाही येत, ताई. पण एक विचारू? पित्ताशयच का? एवढे अवयव आहेत माणसाला.

सुनदोक : ...तिला आत नेलं त्या दिवशी. मुलगा म्हणाला, ‘आई, तू घरी जा, सहा तास लागतील.’ घरी कोणी नव्हतं. मी इथे आले. दुसरीकडे कुठे जाणार? आल्या आल्या सगळ्यांनी विचारलं, ‘सून कुठाय?’ तो शब्द तोंडात येईना. सगळ्या उघड्या बसलेल्या, प्रत्येकीच्या दोन दोन जागच्या जागी. कसं म्हणायचं? टीव्हीवर कोणीतरी डॉक्टर पित्ताशयाचं सांगत होता. तेच म्हणाले.

मीरान : हे मला माहीत नव्हतं.

सुनदोक : तुला कशाला सांगू? मग पुढे त्याचंच वाढत गेलं. ही मुळ्याचं पाणी आणते, ती कडू पाल्याचा काढा आणते. तीन वर्षं तुझ्या पित्ताशयाची खुशाली सांगतेय मी.

मीरान : मी प्याले ते सगळं.

सुनदोक : काढा? तो कडूजार काढा?

मीरान : तुम्ही आणून ठेवायचात. ओतून कसा देणार?

पिलनाम : अरे देवा. दोघीही एकीपेक्षा एक! ताई, आता माझं ऐका, आणि घासणी फेकून मारू नका. त्या सगळ्याजणींना माहीत आहे.

सुनदोक : काय माहीत आहे?

पिलनाम : पित्ताशय नव्हतं ते. पहिल्या उन्हाळ्यापासून माहीत आहे. पित्ताशयाची शिवण चार बोटांची; त्यापायी कोणी तीन वर्षं हमाम सोडतं का? दोघीतिघींचे नातेवाईक त्याच दवाखान्यात कामाला असतात.

सुनदोक : मग तो काढा? ते मुळ्याचं पाणी?

पिलनाम : तुम्ही पित्ताशय म्हणालात, म्हणून त्यांनी पित्ताशयाचं औषध आणलं. दुसऱ्या दुखण्याचं आणलं असतं तर तुम्हाला खोटं पाडल्यासारखं झालं असतं. तुमचा मान ठेवला त्यांनी. मीसुद्धा.

सुनदोक : आठहीजणींनी?

पिलनाम : आठहीजणींनी.

सुनदोक : सात. आता सातच येतात. कोसॉंगकरीण गेल्या थंडीपासून येत नाही, तिचा गुडघा... का गं, हारिनची आई? मान खाली का घातलीस?

मीरान : मी काही बोलले नाही, आई.

सुनदोक : तेच विचारतेय.

मीरान : आमच्या गटाचा एकच कडक नियम आहे. कोणाचं नाव बाहेर सांगायचं नाही. तुम्हालाही नाही.

सुनदोक : मी नाव विचारलंच नाही. गुडघ्यासाठी चिंजूला जाते म्हणाली. इथे हाडांचे दोन डॉक्टर असताना चिंजूला. मला बसथांब्यावर भेटली तेव्हा लोकरीची टोपी होती डोक्यावर. मी म्हटलं, अगं मे महिना आहे, डोकं उबेल. तर म्हणाली, ‘मला थंडी वाजते.’ आणि बस आली... चढली कशी? तरातरा चढली. गुडघेवाली बाई अशी चढते? मी बघितलं आणि काही मनात आलं नाही माझ्या.

पिलनाम : ताई...

सुनदोक : तीस वर्षं. कालवं सोलायच्या शेडमध्ये शेजारी, इथे शेजारी. माझी पाठ तिनं घासायची, तिची मी. तिची पाठ मला माझ्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि मला सांगितलं नाही तिनं?

पिलनाम : कशी सांगणार? ती हौदातच होती ना, तुम्ही पित्ताशय म्हणालात तेव्हा. जी बाई आपल्या सुनेचं झाकून ठेवते ती आपल्याला शेजारी बसू देईल का, असंच वाटणार कोणालाही. तुम्ही पित्ताशय म्हणालात, तिनं गुडघा म्हटलं. तुमच्याकडूनच शिकली.

सुनदोक : तुझी जीभ म्हणजे कालवं सोलायची सुरी आहे.

पिलनाम : काम तेच करते.

मीरान : आई, तुम्ही नको म्हणत असाल तर मी दुसरी जागा बघते. खरंच. हारिनच्या जेवणापर्यंत थांबते हवं तर.

सुनदोक : थांब. माझा फोन कुठाय? मोठ्या आकड्यांचा. पिशवीत बघ. तिचा नंबर लावून दे, मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

मीरान : लागला. घ्या.

सुनदोक : हॅलो? मी गं. हारिनची आजी. जेवलीस का? ...काय जेवलीस? ...पेज? दुपारची पेज? बरं. गुडघा कसा आहे? ...हं. ...हं. ऐक, मी तुला एक सांगते, मध्ये बोलू नको. माझ्या सुनेचं पित्ताशय जागच्या जागी आहे. त्याला कोणी हात लावलेला नाही. तिला छातीचं होतं. कॅन्सर. हो. ...मी खोटं बोलले तुमच्याशी. ...अगं मध्ये बोलू नको म्हटलं ना. ...बरं, नको बोलूस. मी आहे. फोन ठेवू नको, मी आहे इथे. ...हं. ...किती? दोन्ही? ...आणि लेकीला? लेकीलाही नाही सांगितलंस? कोण देतं मग खायला? ...पेज. हं. ...उद्या बुधवार आहे. सकाळी ये. टोपी घालून ये, हवी तर घालूनच हौदात बस, बघू कोण बोलतं ते. ...बरं. ...बरं, बरं. झाकण नीट लाव गॅसचं.

पिलनाम : गॅसला झाकण?

सुनदोक : पेजेला! ती रडत होती, मला काही सुचेना.

मीरान : काय म्हणाल्या?

सुनदोक : ‘उद्याचं उद्या बघू’ म्हणाली.

मीरान : म्हणजे नाही येणार.

पिलनाम : उद्याचं उद्या बघू म्हणणारी बाई आत्ता माळ्यावरून टोपली काढत असते. हारिनची आई, ऐक. बायकांसाठी बुधवार. नवरे शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी आण, तेव्हा पुरुषांची बाजू रिकामी असते. नर्सला वरची टीव्हीची खोली देते, जमीन तापलेली असते तिथे. पाटी लावायची नाही.

मीरान : नावाशिवाय केंद्र कसं चालेल, मावशी? लोकांनी शोधायचं कसं? दवाखान्यात पत्रक ठेवायचंय. त्यावर पत्ता लागतो, कोणाचं तरी नाव लागतं.

पिलनाम : पत्ता माझा घाल.

मीरान : आणि नाव माझं घालते. फोन नंबरही. आई, हारिनच्या सासरचे वाचू शकतात ते. आताच सांगून ठेवते.

सुनदोक : त्या बाई वाचायच्या असल्या तर वाचतील. मला विचारतेस?

मीरान : तुम्हालाच विचारतेय.

सुनदोक : माझी नात लाख मोलाची आहे. तिला नको म्हणणारे लोक त्या जेवणाला आले काय, न आले काय... हे बोलणं झालं. जेवणाच्या दिवसापर्यंत माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, ते वेगळं. घाल नाव. पण एक सांग. मी तिला उद्या बोलावलंय. सात बायकांच्यात, एकटीला. तू कुठे असणार? कचेरीत?

मीरान : ...उद्या रजा घेते.

पिलनाम : रजा घेऊन इथे येऊन काय करणार? संयोजन?

मीरान : अंघोळ.

पिलनाम : बॉयलर पहाटे पेटवते. दोन टॉवेल मिळतील, तिसरा मागायचा नाही.

सुनदोक : हारिनची आई.

मीरान : काय, आई?

सुनदोक : कुठल्या बाजूची होती गं?

मीरान : डावी.

सुनदोक : अजून दुखतं?

मीरान : थंडीत ओढल्यासारखं होतं. काखेपासून पाठीपर्यंत. हात पूर्ण वर जात नाही.

सुनदोक : आणि घरातली वरच्या फळीवरची पातेली?

मीरान : स्टुलावर चढून काढते.

सुनदोक : ...उद्या मी घासीन तुझी पाठ. माझा हात जड आहे. दुखलं तर लगेच सांगायचं. गप्प बसायचं नाही.